बातमीची साखळी आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात आगरदांडा येथे दिलेले व्याख्यान)



वृत्तपत्रांचे नीतिनियम हा विषय चिटणीसांनी मला दिला, तेव्हा काही पालकांना तो विचित्र वाटला असेल. फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, बारावीनंतर काय, हे आपले प्रश्न. संपादकाने काय छापावे आणि वाहिनीवाल्याने काय दाखवावे हे त्यांचे त्यांनी पाहावे, आपण खाडीकाठची माणसे, आपला त्याच्याशी काय संबंध? हा संबंध २०२० सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत आपल्यातल्या प्रत्येकाला कळून चुकला आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधील लोकांना करोनाची लागण झाल्याची बातमी आली. बातमी खरी होती. पण चार दिवसांत त्या बातमीचे काय झाले ते आठवा. रोग मागे पडला आणि जमात पुढे आली. लोकांनी रोग मुद्दाम पसरवला, हा जणू ठरवून केलेला कट आहे, असे मथळे रात्रंदिवस पडद्यावर फिरू लागले. देशात ठिकठिकाणी भाजीवाल्याला, फळवाल्याला त्याचे नाव विचारून मग माल घ्यायचा की नाही ते ठरू लागले. दिल्लीच्या बातमीदाराने लिहिलेला एक शब्द गल्लीतल्या हातगाडीपर्यंत पोहोचतो तो असा.

आता पुढची हकीकत सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदवले गेले. कोणी आयव्हरी कोस्टचा, कोणी घानाचा, कोणी टांझानियाचा, तर कोणी इंडोनेशियाचा. त्यांना आसरा देणारे काही स्थानिक लोक आणि मशिदींचे विश्वस्त हेही आरोपी झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. न्यायमूर्ती नलवडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांच्या पीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते गुन्हे रद्द केले. न्यायमूर्ती नलवडे यांनी निकालपत्रात स्पष्ट शब्दांत नोंदवले की, मरकजला आलेल्या या परदेशी लोकांविरुद्ध वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून मोठा प्रचार झाला, देशात रोग पसरायला हेच जबाबदार आहेत असे चित्र उभे करण्याचा प्रयत्न झाला, आणि संकटाच्या काळात यांना बळीचा बकरा केले गेले असावे. दुसऱ्या न्यायमूर्तींनी गुन्हे रद्द करण्यास संमती दिली, पण यांतील काही निरीक्षणांशी ते सहमत नव्हते. हेही मी मुद्दाम सांगतो. आपल्या सोयीचे तेवढेच सांगायचे आणि उरलेले गिळायचे, तर मग ज्यांच्याविषयी आपली तक्रार आहे त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

येथे बसलेल्यांपैकी मरकजची बातमी किती जणांनी ऐकली असे विचारले तर सगळेच हात वर करतील. निकालाची बातमी किती जणांनी वाचली असे विचारले तर? पहिली बातमी आठवडेच्या आठवडे चालली. दुसरी एका दिवसात संपली. वृत्तपत्राच्या नीतीचा सगळा प्रश्न मला या दोन बातम्यांच्या आकारात दिसतो. उघड खोटे छापणारे पत्र क्वचितच असते. खऱ्या गोष्टीला किती जागा द्यायची, कोणता मथळा लावायचा आणि खुलासा आल्यावर तो कोणत्या कोपऱ्यात टाकायचा, यातच बरावाईटपणा ठरतो.

विद्यार्थी मित्रहो, हा आजार काही नवा नाही. मराठी वृत्तपत्रांचा जन्म आपल्याच कोकणच्या माणसाने घडवला. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून ६ जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८८२ साली, मराठी पत्रसृष्टीला पहिला मोठा धडा मिळाला. ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे तेव्हा नुकतीच निघाली होती. कोल्हापूर संस्थानच्या महाराजांचा छळ होत आहे आणि कारभारी माधवराव बर्वे त्यात सामील आहेत, अशी टीका या पत्रांनी चालवली होती. त्याला आधार म्हणून बर्व्यांची म्हणून काही पत्रे हाती आली, ती छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघेही तेव्हा अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे. त्यांनी माफी मागितली, तरीही चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते आजही मिळते, मोठ्या मुलांनी जरूर वाचावे.

आता पाहा, या दोघांच्या हेतूविषयी कोणाला शंका नव्हती. एका असहाय राजाची कड त्यांनी घेतली होती आणि लोकांनी सुटकेनंतर त्यांचा सत्कारच केला. पण हेतू चांगला असला म्हणून कागद खरा ठरत नाही. हाती आलेले पत्र कोणी लिहिले, ते आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आले, मधल्या माणसाचा त्यात काय स्वार्थ आहे, हे तपासल्याशिवाय छापू नये, हा धडा टिळक-आगरकरांसारख्यांनाही तुरुंगात जाऊन शिकावा लागला.

खरे तर हा धडा आपल्या घरात हजार वर्षांहून अधिक काळ पडून आहे. मदरशात शिकलेल्या मुलांना ‘इस्नाद’ हा शब्द ठाऊक असेल. हदीस स्वीकारताना आपल्या बुजुर्गांनी नुसते वचन पाहिले नाही, ते कोणी कोणाकडून ऐकले ती सारी साखळी पाहिली. मधला एक माणूस विसराळू निघाला, एकाची दुसऱ्याशी भेटच झाली नसल्याचे दिसले, कोणी एकदा खोटे बोलल्याचे आढळले, की ते कथन दुबळे ठरवून बाजूला ठेवले. या छाननीसाठी सांगणाऱ्या माणसांच्या चरित्रांचे मोठमोठे ग्रंथ तयार झाले, त्या विद्येला ‘अस्माउर्रिजाल’ म्हणतात. इमाम बुखारी यांनी या कामासाठी देशोदेशी प्रवास केला. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर सरळ आज्ञाच आहे की, बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी तिची छाननी करा, नाहीतर अजाणता कोणा समाजाला इजा पोहोचेल आणि मागाहून पस्तावाल. ज्यांच्या धर्मग्रंथात बातमीविषयी इतकी बारीक सूचना आहे, त्या समाजातून चांगले बातमीदार इतके कमी का निघावेत, हा मला सतावणारा प्रश्न आहे. त्याच्याकडे मी पुढे येतो.

सर्वांत कडू उदाहरण मुंबईचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत आपल्या कोकणातल्या कित्येक कुटुंबांनी मुंबई सोडून गावाकडे धाव घेतली होती. वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. त्या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. डोंगरीत झालेले माथाडी कामगारांचे खून आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीची घटना यांची अतिरंजित वर्णने छापून भावना भडकवल्या गेल्या, असे आयोगाने लिहिले आणि त्या संदर्भात ‘सामना’ व ‘नवाकाळ’ या पत्रांचा नावाने उल्लेख केला. पण आयोगाने वापरलेला ‘अतिरंजित’ हा शब्द नीट ऐका. खून झाले होते. चाळ जळाली होती आणि आतली माणसे जळाली होती. त्यांचे दुःख आपल्या दुःखाइतकेच खरे आहे, ते नाकारून आपण वृत्तपत्रांना नीती शिकवू शकणार नाही. खऱ्या प्रेतावर खोटे कापड चढवून ते शहरभर मिरवणे, हा अपराध होता. आणि त्याच मुंबईत काही पत्रकारांनी आयोगापुढे जाऊन निर्भयपणे साक्षी दिल्या, हेही नोंदलेले आहे. ‘सगळी वर्तमानपत्रे अशीच’ असे म्हणणारा माणूस आळशी असतो.

त्या वेळच्या अग्रलेखांबद्दल खटला भरावा म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर उच्च न्यायालयात गेले होते. १९९४ साली ती याचिका फेटाळली गेली. या दोघांपैकी एकही मुसलमान नव्हता, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

मग काय करायचे? मोहल्ल्यातल्या बैठकीत याचे उत्तर फार लवकर मिळते: सरकारने कायदा करावा, अशी पत्रे बंद करावीत, संपादकांना आत टाकावे. संताप मी समजू शकतो. पण हा चाबूक कोणाच्या हातात देतो आहोत ते पाहा. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला. इंग्रजी पत्रांना त्यातून सूट होती, मार बसला तो मराठी, बंगाली, उर्दू पत्रांवर. १८८२ साली लॉर्ड रिपनच्या काळात तो रद्द झाला. पुढे स्वतंत्र भारतात जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि बातमी छापण्याआधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवण्याची सक्ती झाली. १९६६ साली स्थापन झालेली प्रेस कौन्सिल १ जानेवारी १९७६ पासून बरखास्तच करण्यात आली. वृत्तपत्रांना शिस्त लावायची म्हणून जी बंधने आली, त्यांचा पहिला बळी ठरली ती शिस्तीने चालणारी छोटी पत्रे. मीनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आणीबाणीच्या ऐन भरात, १९७६ साली, सेन्सॉरच्या विरुद्ध निकाल दिला. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीच्या इंटरनेटवरील मजकुराचे खरेखोटे ठरवायला स्वतःच कक्ष नेमण्याचा नियम केला. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तिसऱ्यांकडे प्रकरण गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. आरोपीनेच न्यायाधीश व्हायचे, हे कोणाच्याच हिताचे नाही. जो समाज संख्येने थोडा आणि सत्तेपासून दूर, त्याच्या हिताचे तर मुळीच नाही. त्याला न्यायालय आणि वृत्तपत्र या दोनच खिडक्या उघड्या असतात.

कायदा नको असे मात्र मी म्हणत नाही. आहे तो कायदा आपण वापरत नाही, ही माझी तक्रार आहे. प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. तिला दंड करण्याचा किंवा पत्र बंद करण्याचा अधिकार नाही, ती समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते आणि आपला निर्णय छापायला सांगू शकते. लोक हसतात, म्हणतात हा बिनदाताचा वाघ. असेलही. पण आपल्या तालुक्यातून या वाघाकडे किती जण गेले? तक्रारीची रीत कठीण नाही. चुकीचा मजकूर आला की प्रथम संपादकाला पत्र लिहायचे, त्यात कोणते वाक्य चुकीचे आणि खरे काय ते पुराव्यासह सांगायचे. उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर कात्रण, त्याचे इंग्रजी भाषांतर, संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत आणि हा विषय कोर्टात चालू नाही असे प्रतिज्ञापन जोडून कौन्सिलकडे पाठवायचे. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. आपण काय करतो? दोन महिने चहाच्या टपरीवर संताप करतो आणि तिसऱ्या महिन्यात विसरतो.

दूरचित्रवाणीसाठी प्रेस कौन्सिल नाही. तेथे वाहिन्यांनीच नेमलेले, पण निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण आहे, आणि सदस्य वाहिनीकडे सात दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवावी लागते. मरकजच्या प्रकरणात बंगळूरमधील नागरिकांच्या एका गटाने नेमके हेच केले. जून २०२१ मध्ये ‘न्यूज १८ कन्नड’ला एक लाख आणि ‘सुवर्ण न्यूज’ला ५० हजार रुपये दंड झाला, ‘टाइम्स नाऊ’ला समज मिळाली. सव्वा वर्ष लागले. दंडाची रक्कम अशा कंपन्यांच्या दृष्टीने चहापाण्याची. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये एक लाखाचा दंड परिणामकारक कसा होणार असे विचारले. तरी कागदावर नोंद झाली, ‘हे चूक होते’ असे त्यांच्याच प्राधिकरणाने लिहिले. उद्या एखाद्याने इतिहास लिहायला घेतला तर त्याला आपल्या संतापाचा नव्हे, या कागदाचा उपयोग होईल.

आता थोडे आपल्या जवळच्या वार्ताहराविषयी. आपण ज्याला ‘पेपरवाला’ म्हणतो त्या गावच्या बातमीदाराला बहुधा पगार नसतो. मिळते ते किरकोळ मानधन, आणि दिवाळी, ईद, वर्धापनदिन आला की विशेष पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याची जबाबदारी. शुभेच्छुक म्हणून आपलेच पुढारी आणि ठेकेदार फोटो छापून आणतात. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी लिहायची कशी? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर पैसे घेऊन बातमी छापण्याचा प्रकार एवढा वाढला की प्रेस कौन्सिलला २०१० साली त्यावर अहवाल करावा लागला. हा दोष वृत्तपत्राचा खरा, पण पैसे देणाऱ्याचा नाही काय?

आणि जो विकला जात नाही त्याचे काय होते, तेही कोकणाने पाहिले आहे. राजापूरचे शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’मध्ये बारसू-सोलगाव रिफायनरीच्या विरोधकांची बाजू मांडत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी त्यांची बातमी प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. बातमीत ज्याच्याविषयी लिहिले होते त्यालाच पोलिसांनी अटक केली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ सालीच मंजूर केला होता, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड त्यात आहे. वृत्तपत्रांना नियम हवेत असे आपण म्हणतो तेव्हा वारिशे यांच्यासारख्यांचे रक्षण हाही त्यातला एक नियम समजावा.

पालकांनो, शेवटचा मुद्दा तुमच्या खिशातल्या फोनचा. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि छापखान्याचा पत्ता असतो. १८६७ च्या कायद्यापासून ही प्रथा आहे. चूक झाली तर कोणाला धरायचे ते त्या दोन ओळींत लिहिलेले असते. फोनवर फिरणाऱ्या मजकुराच्या तळाशी असे नाव नसते, त्याच्या वर मात्र पुढे पाठवणाऱ्याचे, म्हणजे तुमचे, नाव असते. कुवेतहून मामू पाठवतो, मुंब्र्याची फुफी पाठवते, तुम्ही जमातीच्या गटात टाकता. मूळ सांगणारा कोण? इस्नादचा पत्ता नाही! १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे पोटासाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा फोनवरून फिरत होती. ती पुढे पाठवणाऱ्या शेकडो लोकांपैकी बहुतेकांनी तर दगडही उचलला नव्हता. २०२० साली आपल्याविषयी जे फिरले ते अशाच भल्या माणसांनी पुढे पाठवले होते, आणि दुसऱ्यांविषयीचे तसलेच मजकूर आपल्या गटांतही फिरतात हे तुम्ही जाणता. निसर्ग चक्रीवादळानंतर, जून २०२० मध्ये, या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते, पेपर येत नव्हता. तेव्हा जेट्टीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण विचारत होतो, ‘तू स्वतः पाहिलेस का?’ हा प्रश्न नेटवर्क परत येताच बंद झाला.

आपल्या मुलामुलींतून डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, जहाजावर गेले, आखाती देशांत स्थिरावले. बातमीदार मात्र बोटांवर मोजण्याइतके. या धंद्यात पैसा कमी हे खरे. पण बातमी लिहिली जाते त्या टेबलाशी आपल्यातला कोणी बसलेला नसेल, तर ‘जमात’ या शब्दाचा अर्थ तेथे कोणी कोणाला विचारायचा? पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे, मुंबई विद्यापीठातही आहे. त्यासाठी पदवी लागते, आणि त्याहून अधिक लागते ती चांगली मराठी. घरी कोकणी बोलावी, दीनियात उर्दूतून शिकावे, पण मराठी निबंधाची वही कोरी ठेवून चालणार नाही. मुलींनी या कामाचा विचार अवश्य करावा, मोहल्ल्यातल्या ज्या घरांत पुरुष बातमीदाराला उंबरठ्यावरूनच परत यावे लागते, तेथे त्यांना बसायला पाट मिळेल.

संस्थेकडे माझी एक लहानशी मागणी आहे. शाळेच्या ग्रंथालयात रोज एक मराठी, एक उर्दू आणि एक इंग्रजी दैनिक घ्यावे. आठवड्यातून एक तास नववी-दहावीच्या मुलांना तिन्ही पत्रांतली एकच बातमी शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावावी: मथळा कोणता, बातमी कोणी सांगितली, कोणाची बाजू विचारली, कोणाची विचारलीच नाही. चूक आढळली तर मुलांनीच संपादकाला पत्र लिहावे, मुख्याध्यापकांनी सही करावी आणि त्याची प्रत एका फायलीत लावावी. उत्तर आले तर तेही लावावे. वर्षाचा खर्च फार येणार नाही. फाईल आणि पहिल्या पत्राचे तिकीट मी आज बरोबर आणले आहे, ते मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.